हाक हसनभाईने दिली होती

अप्पा, मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. तुम्हाला जाऊन तीन दिवस होत नाहीत तोच छापखान्याचे मालक, आपले शेठ, मुंबईहून आले. तुमच्या खुर्चीत बसले नाहीत एवढी रीत पाळली. शेजारच्या स्टुलावर टेकून मला म्हणाले, "सदाशिवराव, तेराव्यानंतरच्या रविवारी वाचनालयात मॅनेजरसाहेबांची शोकसभा ठेवली आहे. तिथे वाटायला एक लहानशी पुस्तिका काढू. 'कामगारांचे मायबाप' असा मथळा घाला. लेख तुम्हीच लिहा."

मी म्हटलं, मी प्रुफं तपासणारा माणूस, लेख लिहिणारे गावात पुष्कळ आहेत. त्यावर ते माझ्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "पण तुमच्यासारखा पुरावा दुसरा कोण? हाताचं असं झालं तरी त्यांनी तुम्हाला सोडलं नाही. लोक हात बघतील आणि समजतील काय ते."

एवढ्या वर्षांत शेठांनी मला सदाशिवराव कधी म्हटलं नव्हतं. मला प्रथम त्यांची किळस आली, मग तुमची, आणि घरी येऊन मोरीवर हात धुताना माझी स्वतःची. ती आजतागायत गेलेली नाही. माझा हात पुरावा आहे हे शेठांचं म्हणणं मात्र खरं आहे. कशाचा, ते तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. तुम्ही काही आता बोलणार नाही, तेव्हा मीच बोलतो.

सायखेड्याहून सातवीची फायनल पास होऊन मी तुमच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा छापखाना कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, उलटी वाचायला तुम्ही शिकवलंत. पहिल्याच महिन्यात मी एका वकिलाच्या नोटिशीचा जुळवून ठेवलेला सबंध मजकूर जमिनीवर पाडला, खिळ्यांची पार खिचडी झाली. मला वाटलं, आता चालता हो म्हणतील. तुम्ही चष्मा वर सारलात, धोतर खोचलंत आणि माझ्याबरोबर फरशीवर बसून दुपारपर्यंत खिळे वेचलेत. मधेच म्हणालात, "पाडल्याशिवाय कंपोझिटर होत नाही रे. मी दोनदा पाडलाय." हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर तुमच्यावर रागावणं पुष्कळ सोपं गेलं असतं.

नाशकात भद्रकालीजवळच्या त्या गल्लीत आपल्यासारखे दोनतीन छापखाने होते, पण आपल्याकडची एक रीत दुसऱ्या कुठे नव्हती, आणि ती तुम्हीच घातलेली. ट्रेडल, म्हणजे आपलं छपाईचं यंत्र, थांबवून कोणी आत हात घातला असेल, तर पुन्हा पट्टा चढवण्याआधी मशीनमनने मोठ्याने "हाऽत!" अशी हाक द्यायची. ज्याचा हात आत असेल त्याने तो काढून घ्यायचा आणि "मोकळा!" म्हणायचं. मगच पट्टा चढायचा. पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या मशीनमनला समोरचं दिसत नसे, आणि मागच्या खोलीतल्या तेलाच्या इंजिनाची धडधड एवढी, की मोठ्याने ओरडलं तरच कळे. नवा माणूस आला की तुम्ही त्याला पहिल्या दिवशी बजावायचात, "उत्तर ज्याच्या हाताचं त्यानेच द्यायचं. बापानेसुद्धा पोराच्या वतीने द्यायचं नाही."

आणि आपला मशीनमन हसनभाई ती हाक कधी चुकला नाही. जुन्या नाशकातला माणूस, वीस वर्षं ट्रेडलवर काढलेली, शुक्रवारी नमाजाला जाताना इंजिन स्वतः बंद करून किल्ली खिशात घालून जाणारा. दुसऱ्या कोणाच्या हातात ते यंत्र देण्यावर त्याचा विश्वास नसे. आम्ही त्याची चेष्टा करायचो की, आत कोणी नसलं तरी हा भिंतीला विचारील, हात मोकळा आहे का. तो म्हणायचा, "भिंतीला बोटं असती तर विचारलंच असतं."

नियम काय असतात हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरजच नव्हती. गिरण्या-कारखान्यांत लावायची सरकारी नियमांची पाटी आपणच छापली. मी जुळवली. धोक्याची चाकं झाकलेली असावीत, कोणाला इजा झाली तर मॅनेजरने आधी त्या माणसाची सोय लावावी, अपघात वर कळवावा आणि घडलं असेल तसाच कळवावा, अशा अर्थाची कलमं होती. तुम्ही प्रुफात दोन चुका काढल्यात, मला दटावलंत, आणि चांगल्या जाड कागदावर एक जादा प्रत काढून आपल्या खुर्चीमागे ठोकलीत. ती अजून तिथेच आहे. तुमची पाठ तिच्याकडे असायची.

त्या वर्षी खंडेनवमीला ट्रेडलची पूजा केली. दातेरी चाकावरची लोखंडी जाळी तुम्ही काढायला लावलीत, कारण हळदकुंकू जाळीला नव्हे, चाकाला लावायचं. दरवर्षीच काढायचो आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायचो. त्या वर्षी तिच्या एका बिजागरीचा स्क्रू सापडेना. जाळी भिंतीला टेकून राहिली. आज बसवू, उद्या बसवू म्हणता म्हणता दिवाळी झाली. मग एक दिवस ती भिंतीपाशी दिसेना. हसनभाईने तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "दुरुस्तीला दिलीय." त्याने आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तुम्ही त्याच्यावर खेकसलात, "तू मॅनेजर आहेस का मी?"

तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली. रविवार पेठेतल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या पत्रिका ट्रेडलवर चढल्या होत्या. त्यांचे मुनीम सकाळपासून दारात येऊन बसलेले, दर पाच मिनिटांनी घसा खाकरत होते. अर्ध्या पत्रिका झाल्यावर एक खिळा वर आला आणि छाप डागाळू लागली. हसनभाईने पट्टा उतरवला. मी आत वाकलो, खिळा चिमट्याने सरळ केला, ठोकून बसवला. मग चिमटा दातात धरला आणि उजवा हात उघड्या चाकाच्या कडेला टेकून उठायला लागलो. तुम्ही माझ्या मागे, मुनीमांशी बोलत उभे होता.

"हाऽत!" हसनभाई ओरडला.

माझ्या तोंडात चिमटा होता, अप्पा. एक श्वास घेतला असता तर तो काढून मी बोललो असतो. पण माझ्या मागून तुमचा आवाज आला, "मोकळा, मोकळा! चल लवकर!"

त्याने पट्टा चढवला. उत्तर आल्यावर पट्टा चढवायचा हीच तर रीत होती.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. माझी किंकाळी ऐकताच हसनभाईने पट्टा उडवला, धावत आला, खांद्यावरचा रुमाल फाडून माझ्या मनगटाशी करकचून बांधला. एक बोट चाकाच्या दातांत अडकून राहिलं होतं. ते त्याने काढलं, कोऱ्या कागदात गुंडाळलं आणि सगळ्यांकडे बघत विचारलं, "याचं काय करायचं?" मागाहून मला कळलं की संध्याकाळी त्याने ते गंगेवर, गोदेच्या घाटावर, नेऊन पाण्यात सोडलं. तुमच्यात असंच करतात ना, असं तिथल्या एका गुरुजींना विचारून.

तुम्ही त्या वेळी काय करत होता? तुम्ही पत्रिका बघत होता. मी पायरीवर बसलो होतो, रुमालातून ठिबकत होतं आणि तुम्ही गठ्ठ्यातली एकेक पत्रिका उचलून उजेडात धरत होता. ज्यांच्यावर जास्त उडालं होतं त्या तुम्ही बाजूला टाकल्यात. मुनीम पांढरेफटक पडून म्हणाले, "अहो, अपशकुन. हे रक्त." आणि तुम्ही, ज्यांनी माझ्याबरोबर फरशीवर बसून खिळे वेचले त्याच तुम्ही, शांतपणे म्हणालात, "कोपऱ्यात थोडं थोडं आहे फक्त. कोपऱ्याला कुंकू लावतातच. त्यात खपून जाईल."

टांगा आणायला माणूस गेला तो त्यानंतर.

त्या लग्नाला नाशकातली निम्मी बडी मंडळी गेली असतील. कोणाकोणाच्या देवघरात माझं रक्त कुंकू म्हणून ठेवलं गेलं, देव जाणे. कोणाच्या घरी लग्नपत्रिका आली की आजही मी ती कोपऱ्याला धरत नाही.

दवाखान्यात तुम्ही रोज आलात. हे शेठांच्या पुस्तिकेत जरूर जाईल, जाऊ द्या, ते खरं आहे. पितळी डब्यात काकूंच्या हातचा शिरा, वर केळं कुस्करलेलं, खाली टॉवेलची घडी. तुम्ही खाटेच्या कडेला बसून मला चमच्याने भरवायचात. माझी आई सायखेड्याहून आली होती. ती तुमच्या पाया पडली, म्हणाली, "तुमच्या रूपानं देव भेटला बगा, दुसरा मालक ढुंकून बगत नाय." तुमचे डोळे भरले होते. मी ते बघितलंय, सोंग नव्हतं ते. तुम्ही चांगले नव्हता असं मला म्हणता आलं असतं तर हा लेख चार ओळींत संपला असता. तुम्ही साखर पेरत नव्हता, तुम्हाला खरोखर वाईट वाटत होतं. फक्त ते वाईट वाटणं तुम्ही शिऱ्यात घालून माझ्या तोंडात कोंबलंत आणि माझं तोंड बंद केलंत.

तीन आठवड्यांनी घरी आलो. त्याच रविवारी तुम्ही जेवायला बोलावलंत. मागच्या दाराने या म्हणालात, पुढच्या ओसरीवर पाहुणे होते. मागच्या अंगणात तुमचं तुळशीवृंदावन. त्याच्याभोवती आपल्या ट्रेडलची जाळी होती.

ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. वरच्या दांडीला शाईचे डाग होते, बिजागरीची एक बाजू रिकामी होती. दर दसऱ्याला स्वतःच्या हाताने काढलेली-बसवलेली वस्तू माणूस विसरत नाही. शेजारच्यांच्या शेळ्या तुळस खातात अशी काकूंची कटकट असायची, हे मला ठाऊक होतं. शेळ्यांपासून तुळस वाचली होती. नवी मंजिरी आली होती.

मी उभा राहिलो. तुम्ही दारात आलात. मी जाळीकडे बघतोय हे तुम्ही बघितलंत आणि तुम्ही बघितलंत हे मी बघितलं. तुम्ही म्हणालात, "सदा, पानं वाढलीत." आणि मी, अप्पा, मी आत गेलो. पाय धुतले, पाटावर बसलो, डाव्या हाताने जेवलो. दोनदा शिरा घेतला.

जेवणानंतर तुम्ही अपघाताच्या अहवालाचा कागद काढलात. वर पाठवायचा होता, आधीच उशीर झाला होता. मशीनमन हसन याने हाक न देता पट्टा चढवला, जाळी जागेवर होती, मॅनेजरने तातडीने उपचाराची व्यवस्था केली. अक्षर तुमचं, मोत्यासारखं. खाली माझ्यासाठी जागा मोकळी.

"अप्पा, हसनभाईने हाक दिली होती," मी म्हटलं. एवढं म्हटलं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत राहिलात. मग म्हणालात, "मला तीन मुली आहेत, सदा. शेठ मला एक दिवस ठेवणार नाहीत. आणि मी गेलो तर तुला कोण ठेवील? जुळारी म्हणून तर तू आता उभा राहू शकत नाहीस. मी तुला प्रुफं वाचायला शिकवतो. जन्मभर माझ्याजवळ राहशील. हसनचं काय, तो कुठेही यंत्र चालवील."

मी सही केली. डाव्या हाताने केलेली माझी ती पहिली सही. अक्षर लहान मुलासारखं आलं. तुम्ही त्यावर टीपकागद दाबलात आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलात.

हसनभाईला दुसऱ्याच दिवशी काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं, आणि चोरानेच निकालपत्र लिहिलं. दुसऱ्या कुठल्या छापखान्याने त्याला ठेवला नाही, बोटं तोडणारा मशीनमन म्हणून त्याचं नाव झालं. मालेगावला मेव्हण्याच्या मागावर विणकामाला जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "सदूभाऊ, एकच विचारतो. तुम्ही ऐकलं होतं ना?"

मी म्हटलं, "इंजिनाचा आवाज फार होता."

तो मान हलवून निघून गेला. माझी बायको यशोदा चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं. ती निफाडकडची, फार बोलत नाही, बोलली की मात्र मोजून बोलते. म्हणाली, "बोटं मशिननं घेतली. जीभ तुम्ही आपल्या हातानं काढून दिली." त्यानंतर तीन दिवस तिने मला वाढलं, पण समोर बसली नाही.

मला वाटलं होतं, निदान जाळी तरी तुम्ही परत आणून बसवाल. तुम्ही ती का आणली नाही ते मला फार दिवस कळलं नाही, मग एकदा कळलं. जाळी परत बसवली असती तर ती मधल्या काळात नव्हती, हे चारचौघांना दिसलं असतं. कागदावर ती जागेवरच होती. म्हणून चाक उघडं राहिलं. सहा वर्षं. हसनभाईच्या जागी आलेला भिका त्या उघड्या चाकाशेजारी सहा वर्षं काम करतोय, आणि मी रोज त्याच्याकडे पाठ करून प्रुफं वाचतोय. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच असेल तर त्या मिठाची मला ओकारी येते.

त्या सहा वर्षांत तुमचं-माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. शुद्धिपत्रावरून. पुस्तक छापून झाल्यावर मला चूक सापडली की मी म्हणायचो, एक चिठ्ठी छापून आत चिकटवू. तुम्ही लालबुंद व्हायचात. "गेलं ते गेलं. न वाचणाऱ्याला चूक दिसत नाही, शुद्धिपत्र मात्र सगळ्यांना दिसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची." एकदा मी माझा हात तुमच्यापुढे धरला आणि म्हटलं, "अप्पा, माझी मूठ झाकत नाही." तुम्ही प्रुफं आपटून उठून गेलात. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवा दिवा होता. हिरव्या काचेचा, उजेड डाव्या बाजूने पडेल असा. मी आजही त्याच दिव्याखाली लिहितोय. मला तो आवडतो, हे कबूल करताना लाज वाटते.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी रोज यायचो. शेवटच्या आठवड्यात एकदा खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही माझा उजवा हात हातात घेतलात. सहा वर्षांत कधी घेतला नव्हता. विचारलंत, "थंडीत दुखतो का रे?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही म्हणालात, "माझा दुखतो."

मी वाट बघितली, अप्पा. खिडकीतून तुळस दिसत होती, जाळीसकट. तुम्ही बोला, अर्धं वाक्य बोला, उरलेलं मी माझं मी लावून घेईन, असं मनात म्हणत मी बसून राहिलो. तुम्ही माझा हात सोडलात आणि भिंतीकडे वळलात. तिसऱ्या दिवशी गेलात. मी खांदा दिला. रडलोही, खोटं नाही. बाप गेल्यावर रडलो होतो तसाच.

शेठांनी लेख सांगितला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उतारूंच्या सर्व्हिस मोटरीने मालेगावला गेलो. हसनभाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो मागावर होता, दाढी पांढरी झालेली. मला बघून माग थांबवला. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हाक मी ऐकली होती, उत्तर अप्पांनी दिलं, कागदावर सही माझी आहे. वाटेत पाठ केल्यासारखं भडाभडा बोललो. त्याने चहा मागवला. माझा हात उलटासुलटा करून बघितला, म्हणाला, "जखम चांगली भरली."

मग म्हणाला, "सदूभाऊ, हे मला कशाला सांगता? मी तिथंच होतो ना. मी ओरडलो ते मला ठाऊक आहे. ज्यांनी तुमचा कागद खरा मानला त्यांना सांगा. माझी मुलगी नाशकातच दिलीय. सहा वर्षं झाली, भांडण झालं की तिची सासू अजून म्हणते, तुझ्या बापानं माणसाचा हात तोडला. तिला जाऊन सांगा. मला सांगून तुमचं मन हलकं होईल, माझं काय होणार?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने माग चालू केला.

परतीच्या मोटरीत मला माझीच एवढी शिसारी आली की चांदवडपाशी उतरून रस्त्याच्या कडेला बसलो. मी त्याच्याकडे कशाला गेलो होतो? आपलं ओझं उतरवायला. तुम्ही डब्यातून शिरा आणायचात, मी मोटरीतून कबुली नेली. शिष्य तुमचाच.

आज तुमचा तेरावा. पानात शिरा होता. मी पानावर बसलो, हात जोडले आणि तसाच उठून मागच्या अंगणात गेलो. काकू मागच्या दारी आल्या. त्यांना वाटलं, मला रडू आलं. मी म्हटलं, "काकू, ती जाळी मला हवी आहे."

त्यांनी विचारलं नाही कशाला. म्हणाल्या, "छापखान्याची आहे ना? मला ठाऊक आहे. दर दिवाळीला स्वतः बसून काळा रंग द्यायचे तिला. मी म्हणायची, गड्याला सांगा. नाही म्हणायचे. रंग देऊन होईपर्यंत कोणाशी अवाक्षर बोलायचे नाहीत, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत." मग जरा थांबून म्हणाल्या, "ने बाबा. मला त्या जाळीकडे बघून कधी प्रदक्षिणा घालवली नाही."

म्हणजे तुम्ही विसरला नव्हता. सहा दिवाळ्या तुम्ही ती रंगवलीत. हे ऐकून माझं मन द्रवायला हवं होतं. मला मात्र ते सहा हात रंगाचे नखाने खरवडून काढावेसे वाटले. एवढा पश्चात्ताप होता तर तो उचलून चार गल्ल्या पलीकडे आणायला काय झालं होतं?

मी ती खांद्यावर घेतली आणि भर दुपारी, भद्रकालीच्या बाजारातून, सगळ्यांच्या समोरून छापखान्यात आणली. ओळखीची माणसं विचारत होती, सदाशिवराव, हे काय? मी म्हटलं, ट्रेडलची जाळी, अप्पांच्या तुळशीला होती. दर दुकानाशी थांबून सांगितलं. भिकाने आणि मी मिळून बसवली. तुमच्या रंगाने स्क्रूची भोकं बुजली होती, ती दाभणाने कोरून काढावी लागली. शेठ तुमच्या टेबलाशी उभे होते, म्हणाले, "तेराव्याच्या दिवशी हे कशाला?" मी म्हटलं, "पुस्तिकेसाठी."

भिकाने पट्टा हातात घेतला आणि हाक दिली, "हाऽत!" माझा हात अजून जाळीवर होता. मी हात काढून घेतला, नीट बघितला, आणि मग म्हटलं, "मोकळा."

हा लेख उद्या सकाळी मी शेठांच्या हातात देणार आहे. त्यांच्या नकळत छापावा असं एकदा मनात आलं होतं, पण ती तुमची पद्धत झाली. ते छापणार नाहीत आणि माझी नोकरीही राहणार नाही. यशोदाला सांगितलं तर ती म्हणाली, "सायखेड्याला जाऊ. तितं लय लोकांना पत्रं लिहून पाहिजे असत्यात. डाव्या हातानं लिव्हा." गावात आणखी छापखाने आहेत, तिथले जुळारी माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून मी हा छापून घेईन. पहिली प्रत हसनभाईच्या मुलीच्या सासरी मी स्वतः घेऊन जाईन, आणि सासूबाईंना वाचून दाखवीन. उरलेल्या प्रती रविवारी वाचनालयाच्या दारात उभा राहून वाटीन.

अप्पा, तुम्ही मला मजकूर जुळवायला शिकवलंत, तपासायला शिकवलंत, डाव्या हाताने जगायला शिकवलंत. तुमच्याबद्दलची माया माझ्या पोटातून जाणार नाही, आणि किळसही जाणार नाही. शुद्धिपत्र तेवढं तुम्ही कधी काढू दिलं नाहीत. ते आज काढतो.

सहा वर्षांपूर्वी आपल्या छापखान्यातून वर गेलेल्या कागदात 'मशीनमनने हाक न देता पट्टा चढवला' असं आहे, तिथे 'हाक दिली, उत्तर मॅनेजरने दिलं' असं वाचावं. 'जाळी जागेवर होती' असं आहे, तिथे 'जाळी मॅनेजरच्या तुळशीला होती' असं वाचावं. 'मॅनेजरने तातडीने उपचाराची व्यवस्था केली' असं आहे, तिथे 'पत्रिका निवडून झाल्यावर' असं वाचावं. खाली सही माझी आहे. ती तशीच राहू द्यावी.